राणीच्या पडण्याचं बक्षीस

मास्तर आमच्या अंगणात आले तेव्हा आई सुपात वाल निवडत बसली होती. तिने त्यांना ओळखलं, पण मान वर केली नाही. मी आतून पाण्याचा तांब्या आणला. माझी बहीण भिंतीला हात लावत दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

मास्तर म्हणजे सिनेमातल्या मारामाऱ्या आणि उड्या बसवणारे फाइट मास्तर. खालापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एका माळावर सिनेमावाल्यांनी लाकूड, फायबर आणि प्लास्टरचा आख्खा किल्ला उभा केला होता. राजे-राण्या, शापित अरण्य, पंखांचे घोडे अशी एक लांबलचक गोष्ट तीन सिनेमांत मिळून तिथे चित्रित झाली. राणीचं काम करणारी नटी मुंबईची होती. पण राणी तटावरून लोंबकळायची, घोड्यावरून झेप घ्यायची, आगीतून धावायची तेव्हा ती माझी धाकटी बहीण असायची. चेहरा कधी दिसायचा नाही. पाठ, केस आणि हात तेवढे आमच्या घरचे.

कर्जतच्या शाळेत ती दोरीवरचा मल्लखांब करायची. बारीक अंगाची, लांब हातांची, आणि उंचीची भीती म्हणून नाही. त्या नटीच्या बांध्याची मुलगी शोधत मास्तरांची माणसं शाळेपर्यंत पोचली आणि बहीण त्यांच्या हाताखाली कामाला लागली. पहिल्या भागाला कपड्यांसाठी आणि संगीतासाठी मोठे पुरस्कार मिळाले तेव्हा गावातल्या पोरांनी नाक्यावर बॅनर लावला. त्यावर नटीचा फोटो मोठा होता आणि खाली कोपऱ्यात बहिणीचा, शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला. दुसऱ्या भागाला आणखी जास्त पुरस्कार मिळाले. परदेशातल्या एका महोत्सवातही मिळाला. आई तेव्हा शेजारणींना सांगायची, "आमच्या पोरीचा शिनेमा हाय तो." तिने स्वतः मात्र एकही भाग पाहिला नव्हता. अंधारात बसून एवढा मोठा आवाज तिला सोसायचा नाही.

तिसऱ्या भागाच्या वेळी बहीण पडली.

म्हणजे पडायचंच होतं. राणी जळत्या बुरुजाच्या खिडकीत उभी असते, तिला बाण लागतो आणि ती पाठीमागे कोसळते, असा तो प्रसंग. तीन मजल्यांची उंची. कमरेला दोरी होती, निम्म्यावर आल्यावर दोरी तिला हळूहळू आवरून धरणार होती. त्या दिवशी घाटाकडून वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. दोरी तुटली नाही, कुणाचा हात सुटला नाही. ती फक्त झोक्यासारखी आत ओढली गेली आणि बुरुजातून बाहेर आलेल्या तुळईवर आपटली. खुबा आणि मांडीचं हाड मोडलं.

मी साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर होते. सुपरवायझरने मला बाजूला घेऊन फोन हातात दिला. पलीकडे मास्तर होते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आधी एवढं ऐक."

मांडीत सळी घातली. पावसाळा संपून दिवाळी झाली तरी ती खाटेवरच होती. आईने तिला कूस बदलून दिली, न्हाऊ घातलं, लहान मुलीसारखं उचललं. त्या सगळ्या काळात आईने सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त एकदा, सिनेमा थिएटरात लागला आणि बहिणीनेच परवानगी दिल्याने तो पडण्याचा प्रसंग त्यात ठेवलाय हे गावभर झालं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "या घरात त्याचं नाव नको."

त्या घरात आता मास्तर बसले होते.

"मावशी, बातमी चांगली आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या भागाला जवळजवळ प्रत्येक विभागात नामांकन आहे. या वर्षीचे सगळ्यात मोठे पुरस्कार. ॲक्शनमध्ये पण आहे."

आई वाल निवडतच राहिली.

"त्यासाठी आम्ही हिचाच शॉट पाठवलाय. बुरुजाचा."

आईचा हात थांबला. "आनि बक्षीस कोनाला मिळनार? तुमाला?"

"नाव माझं असतं. पण मिळालं तर मी एकटा वर जाणार नाही. हिला घेऊन जाईन. मी तसं सांगून ठेवलंय."

"स्टेजला पायऱ्या असतील," मी म्हटलं.

"आहेत. बऱ्याच आहेत, आणि कठडा नाही," मास्तर बहिणीकडे बघून म्हणाले. "म्हणून आधी विचारायला आलो."

"मी चढेन," बहीण म्हणाली.

मास्तर गेले. तांब्यातलं पाणी तसंच होतं.

त्या दिवसापासून बहीण रोज सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन सराव करायची. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जायचे. आधी माझा हात धरून, मग नुसतं बोट धरून, मग काहीच न धरता. चढताना डावा पाय वर ठेवून ती क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात तिच्या ओठांवर घाम यायचा. उतरताना तर मला बघवत नसे.

"कशाला हवंय गं तुला?" मी एकदा विचारलं. "ज्यानं पाय मोडला त्याचीच ट्रॉफी?"

ती पायरीवर बसली. "ताई, तीन सिनेमे झाले. आख्ख्या जगानं मला पाहिलं आणि एकानंही नाही पाहिलं. एकदा मला त्या उजेडाकडे तोंड करून उभं राहायचंय. बस."

मी तिला उठायला हात दिला.

पुरस्कारांचा सोहळा एरवी मुंबईत व्हायचा. त्या वर्षी आयोजकांना मागे सिनेमातलाच किल्ला हवा होता, म्हणून त्यांनी आमच्या भागातलाच तो सेट घेतला. पावसात शूटिंग करायला बांधलेली एक अवाढव्य शेड होती, तिथे स्टेज आणि खुर्च्या. म्हणजे बहिणीला जिथे बक्षीस मिळणार होतं तिथून ती पडली ती जागा हाकेच्या अंतरावर होती. हे कळल्यावर आईने संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या जाहीर केलं, "मी येनार."

"आई, तुला आवाज सोसायचा नाही," मी म्हटलं.

"माझी पोर जिथं पडली ती जागा मला बघायची हाय. तुमी दोघी आत जावा, मी भायेर बसते."

शेजाऱ्यांची गाडी ठरवली. बहिणीने मोरपंखी साडी नेसली, पायात सपाट चपला. आईने तिच्या निऱ्या दोनदा वर खोचल्या, पायात येऊ नयेत म्हणून. गाडीत तिघी मागे बसलो. चौक गाव मागे पडल्यावर रस्त्याकडेने पुरस्कारांचे फलक सुरू झाले. प्रत्येक फलकावर तो बुरूज होता, ज्वाळांनी वेढलेला. आई खिडकीतून बघत होती. एकाही फलकावरून तिने नजर काढली नाही.

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. मास्तरांचा माणूस तिघींचे पास घेऊन फाटकाशी थांबला होता. आई शेडकडे वळलीच नाही. ती सरळ बुरुजाकडे चालू लागली. रखवालदार तिला हटकणार होता, पण बहिणीने हात जोडून त्याला थांबवलं.

आई खाली उभी राहून वर बघत होती. "ती खिडकी?"

"तिच्या वरची," बहीण म्हणाली.

आईने मान आणखी वर केली. पदर डोक्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही. "आनि लाकूड?"

"काढलं ते. नंतर लगेच काढलं."

आई भिंतीजवळ गेली आणि तिने बोटांनी दगडावर टकटक केलं. आतून डब्यासारखा आवाज आला. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "पोकळ हाय." त्या एका शब्दात एवढा राग होता की बहिणीने मान खाली घातली.

आई बाहेर बसणार होती, पण शेवटी आमच्याबरोबर आत आली. आमच्या खुर्च्या मधल्या रांगेत, कडेला होत्या. पुढे कुठेतरी मास्तर बसले होते. त्यांनी वळून आम्हाला शोधलं, हात केला. बहिणीची नजर स्टेजच्या पायऱ्यांवर होती. पायऱ्या काळ्या चकचकीत होत्या आणि कठडा खरंच नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. पहिला पुरस्कार वेशभूषेचा, तो आमच्या सिनेमाला. मग रंगभूषा, तोही आम्हाला. मग संगीत. दर वेळी किल्ल्याची धून वाजायची, लोक उभे राहायचे आणि बहिणीची बोटं माझ्या मनगटात रुतायची. आई प्रत्येक वेळी माझ्या कानाशी येऊन विचारायची, "ह्ये पन आपल्यालाच?"

"हो."

"मग अजून किती ऱ्हायलंय?"

कलादिग्दर्शन आमच्याकडे आलं. दृश्य-चमत्कारांचा पुरस्कार आमच्याकडे आला. पुढच्या रांगेतला एक माणूस हसत शेजाऱ्याला म्हणाला, आता बाकीच्यांनी घरी जावं. सगळे जिंकताना बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र टाळ्या वाजवणं सोडलं होतं. प्रत्येक बक्षिसागणिक ते पुढचं बक्षीस जवळ येत होतं, आणि त्याच्या आधी पडद्यावर तो प्रसंग येणार होता.

"आई, आता थोडा वेळ डोळे मिट," मी म्हटलं.

"का?"

तेवढ्यात निवेदकाने ॲक्शन विभागाचं नाव घेतलं. स्पर्धेतल्या सिनेमांचे तुकडे दाखवायला सुरुवात झाली. एकात गाड्या उलटल्या. एकात छपरांवरून पाठलाग झाला. मग पडदा लाल झाला आणि बुरूज आला.

मीही तो प्रसंग पहिल्यांदाच बघत होते. राणी खिडकीत पाठमोरी उभी. तिच्या मोकळ्या केसांतून ज्वाळा दिसत होत्या. उजवा खांदा किंचित वर उचललेला. अंबाड्यातून काटा काढताना, हंडा घेताना आमची बहीण तशीच उभी राहते. आईला आणखी काही सांगावं लागलं नाही. बाण लागला. ती मागे झुकली आणि हात पसरून सुटली.

आई ताडकन उभी राहिली. "धरा! अरे धरा रं तिला!"

शेड एवढी मोठी, पण तिचा आवाज सगळीकडे गेला. पुढची डोकी वळली. कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. कॅमेऱ्याची लांब दांडी आमच्या दिशेने फिरली. पडद्यावर राणी अजून पडतच होती, सिनेमात ते फार सावकाश दाखवलं होतं.

बहिणीने आईचा हात धरून तिला खाली ओढलं. "आई, खाली बस. मी हितं हाय. ही बघ, तुझ्या शेजारी."

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पुढचा सिनेमा कुठला दाखवला ते आमच्यापैकी एकीलाही कळलं नाही.

स्टेजवर पाकीट फोडलं गेलं. बहिणीने आईचे हात चेहऱ्यावरून काढून साडी सावरली. डावा पाय मागे घेतला, उठायच्या तयारीने. ते पाय मागे घेणं मी अजून विसरले नाही.

नाव दुसऱ्याच सिनेमाचं आलं. गाड्या उलटणाऱ्या.

क्षणभर कुणाचाच विश्वास बसेना, मग टाळ्या पडल्या. पुढे मास्तर ताठ बसून टाळ्या वाजवत होते. बहीण तशीच होती, अर्धी उठलेली, अर्धी बसलेली.

आणि आई म्हणाली, "बरं झालं."

हळूच म्हणाली होती, पण बहिणीने ऐकलं. ती उठली आणि कडेच्या दाराने बाहेर निघून गेली. लंगडणं झाकायचाही तिने प्रयत्न केला नाही. मी आईला घेऊन मागोमाग गेले. बाहेर अजून संधिप्रकाश होता. जनरेटरच्या गाड्या धडधडत होत्या. बहीण बुरुजाच्या पायाशी रिकाम्या खोक्यावर बसली होती.

"काय बरं झालं गं?" तिने आईकडे न बघता विचारलं. "सांग ना. सगळ्यांना मिळालं. शिंप्याला मिळालं, सुताराला मिळालं. मलाच नाही मिळालं, ते बरं झालं?"

"हो. बरं झालं."

"मी एवढे महिने त्या पायऱ्या चढत्येय, तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," आई म्हणाली. "म्हनून तर. तुला पडन्याचं बक्षीस दिलं असतं, तर तू परत पडली असतीस. अजून वरून पडली असतीस. मी ओळखते तुला. ल्हानपनी एकदा कोनी शाबास म्हनलं की तू थांबायची नाय."

बहीण एकदम रडायला लागली, तोंड झाकून, आवाज न करता. इस्पितळात सळी घालायच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. मला वाटलं आई जवळ घेईल. आई जागची हलली नाही. तिलाही तेवढाच राग होता.

"मी पुन्हा कामावर जाणार आहे," बहीण थोड्या वेळाने म्हणाली. "बक्षीस मिळो न मिळो. मास्तरांना मी आधीच सांगितलंय. आज तुला सांगणारच होते."

आतून मोठा गलका उठला. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, आमच्याच सिनेमाचा. पाठोपाठ सर्वोत्कृष्ट सिनेमा. किल्ल्याची धून या वेळी थांबतच नव्हती. आम्ही तिघी त्या पोकळ भिंतीपाशी उभ्या होतो.

दार उघडून मास्तर धावत आले. टाय सैल झालेला, श्वास चढलेला. "अगं बेटा, इथे काय करतेस? सगळ्या युनिटला वर बोलावलंय. एकेकाला. चल लवकर."

बहीण उठली नाही. तिने आईकडे पाहिलं. ती परवानगी मागत नव्हती, तिच्या नजरेत भांडण तसंच होतं. पण आई काय म्हणते त्यासाठी ती थांबली होती हे मात्र खरं. मास्तरांनाही ते समजलं. ते दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

आईने वाकून तिच्या निऱ्या पुन्हा वर खोचल्या. "जा. पन धावू नको."

आम्ही दारातूनच बघत राहिलो. स्टेज माणसांनी भरत चाललं होतं. शिंपी, सुतार, दिवेवाले, घोडेवाले, सगळे पायऱ्यांवरून धावत वर जात होते. मास्तर एक हात पुढे करून तिच्या बाजूला होते, तिने तो धरला नाही. पहिल्या काही पायऱ्या ती चढली. मग मागून एक धिप्पाड माणूस घाईने वर गेला आणि त्याचा धक्का तिला लागला. ती कलंडली. आईने माझा दंड इतक्या जोरात धरला की तिथे नंतर निळं पडलं. बहिणीने एक हात पायरीवर टेकला, गुडघा टेकला, आणि तशीच थांबली. मास्तर वाकले. तिने मानेने नाही म्हटलं. डावा पाय वर ठेवला, क्षणभर तिथेच थांबली, आणि उभी राहिली.

वर पोचल्यावर ती गर्दीत मागे कुठेतरी गेली. मग गर्दी जरा हलली आणि दोन माणसांच्या मधून तिचा चेहरा दिसला. उजेडामुळे तिने डोळे बारीक केले होते. हसत नव्हती. नुसती समोर बघत होती.

"दिसली का गं तुला?" आईने विचारलं.

"दिसली."

"मला पन दिसली."

घरी आल्यावर बरेच दिवस आई आणि बहीण एकमेकींशी माझ्यामार्फतच बोलायच्या. टीव्हीवर सोहळा दाखवला तेव्हा आम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिला. शेवटच्या घोळक्यात बहीण ओळखू येईना, तिच्यासमोर तो धिप्पाड माणूस उभा होता. आई मात्र ठळक दिसली, उभी राहून ओरडताना. आवाज काढून टाकला होता आणि तो तुकडा सर्वोत्कृष्ट सिनेमाच्या घोषणेला जोडला होता, जणू कुणी म्हातारी आनंदाने ओरडतेय. गावातली पोरं आईला त्यावरून चिडवायची. आई हसायची नाही, रागवायचीही नाही.

उन्हाळा संपता संपता बहीण कामावर गेली. आता ती मास्तरांबरोबर दोऱ्यांचं बघते. नव्या मुलींना कमरपट्टे बांधते, वारा पाहते, नको वाटलं तर शॉट थांबवते. दिग्दर्शक ओरडले तरी थांबवते, असं मास्तर एकदा मला नाक्यावर भेटले तेव्हा म्हणाले. स्वतः पडत नाही, असं ती आईला सांगते.

मला तिने तसं सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही. गेल्या आठवड्यात कोपराला पट्टी बांधून आली. आईने बघितलं, हळद आणि तूप गरम करून आणलं, आणि तिच्यासमोर बसून पट्टी सोडायला लागली.